मागे वस्ताद, पुढे शिकाऊ

…खोटं वाटतंय? वाटू द्या! पण या वस्तऱ्याची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे. आजवर या खुर्चीमागे उभं राहून मी एकही थाप मारलेली नाही. हां, ती टक्कल पडलेल्या घोड्याची गोष्ट सोडा. आणि ते जुळे भाऊ, ज्यांच्यातल्या एकाचीच दाढी करायची आणि दुसऱ्याची आपोआप व्हायची, तेही सोडा, ती मी माझ्या वस्तादाकडून ऐकलेली, म्हणजे थाप त्याची, मी नुसता हमाल. पण ही? ही अंगावर काढलेली आहे! मान हलवू नका हो, गळ्यापाशी आलोय. आणि बाकावरची मंडळी, तुमचा नंबर यायला वेळ आहे, ठेवा तो पेपर खाली आणि ऐका.

तर माझी तक्रार काय? तक्रार ही, की माणसाला या वयात कुणी काही शिकायला लावू नये! केस पिकले, गुडघे बोलायला लागले, ज्याच्या हाताखालून एवढे कारागीर तयार होऊन बाहेर पडले, ज्याला लोक रस्त्यात ‘वस्ताद’ म्हणून हाक मारतात, अशा माणसाच्या डोक्यावर पाटी कसली? तर ‘शिकाऊ’! डोक्यावर म्हणजे गाडीच्या टपावर हो. लाल अक्षरात, पुढूनही वाचता येते आणि मागूनही, म्हणजे येणाऱ्यानंही हसावं आणि जाणाऱ्यानंही. तुम्हाला सांगतो, ती पाटी दिसली की रस्त्यातली कुत्री उठून फुटपाथवर जाऊन बसायची. माणसं बसत नव्हती, कुत्री बसत होती! काय करणार, शिकाऊ माणूस!

तुम्ही म्हणाल, मग गेलात कशाला शिकायला? हौस? अहो, मला कसली हौस! आमच्या घरात गाडी चालवायची ती आमच्या हिनं. तुम्ही बघितलंच असेल तिला, बेकरीच्या पावाची ती पिवळी व्हॅन, आमची स्वतःची, पहाटे पाव घेऊन निघायची, गल्ल्यांतून, बाजारातून, आणि शेवटचा फेरा तळ्याकाठच्या रस्त्यानं पार त्या टोकाच्या विश्रामगृहापर्यंत. लग्न झालं तेव्हापासून तेच. लोक म्हणायचे, बायको गाडी चालवते आणि हा शेजारी बसतो, लाज नाही वाटत? मी म्हणायचो, अजिबात नाही, बसायला फार छान वाटतं! सुट्टीच्या दिवशी मी जायचोच तिच्याबरोबर. पाय पसरून बसायचो, गरम पाव तोडून खायचो आणि खिडकीबाहेर बघून माझी बडबड. ‘अगं बघ, पाणी कसं दिसतंय! अगं ते होडकं बघ! अगं तो म्हातारा बघ, गळ टाकून झोपलाय!’ आणि ती काय म्हणायची? ‘अहो, मी बघू का गाडी चालवू?’ इतकी वर्षं रोज त्या रस्त्यानं गेली बाई, पण तळं तिनं बघितलंच नाही. बघितला तो रस्ता. खड्डे सगळे पाठ. तळं मात्र माझ्या तोंडून ऐकलेलं. आणि माझ्या तोंडून ऐकलेलं म्हणजे… ते तुम्हाला माहीतच आहे.

मग एक दिवस हिनं व्हॅन बेकरीच्याच फाटकाच्या खांबाला घासली. ज्या खांबाजवळून रोज जायची त्या खांबाला! खाली उतरून खांबाकडे बघत उभी. म्हणाली, ‘हा इथे कधी आला?’ मी हसलो. मी मूर्ख, हसलो! आठ-पंधरा दिवसांत परत तेच, यावेळी सायकलवाला थोडक्यात वाचला. मग मात्र गेलो डोळ्यांच्या दवाखान्यात. म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल.

डॉक्टरीणबाई स्वभावानं फार चांगल्या. इतक्या चांगल्या, की बोलायच्या आधी त्यांनी खुर्ची जवळ ओढून घेतली. डॉक्टर खुर्ची जवळ ओढून बसला ना, की समजावं. म्हणाल्या, ‘हे बघा, डोळ्याचा पडदा वाळत चाललाय. आधी कडेकडेचं दिसायचं बंद होईल, ते झालंच आहे. मधलं राहील थोडे दिवस. मग तेही…’ मी म्हटलं, औषध? तर म्हणाल्या, ‘थांबवणारं नाही हो.’ म्हटलं, किती दिवस? ‘वर्षभर धरा. कुणाचं लवकर जातं, कुणाचं उशिरा. आणि गाडी मात्र आजपासून बंद. आजपासून म्हणजे आत्तापासून.’

आत्तापासून! तुम्हाला सांगतो, आम्ही खाली आलो आणि दवाखान्याच्या दारात दोघं व्हॅनकडे बघत उभे! येताना हिनंच चालवत आणली होती ना! आता जिला येते तिला बंदी, आणि ज्याला बंदी नाही त्याला येत नाही. मागून एक जण हॉर्न वाजवतोय, ‘काढा की गाडी!’ कोण काढणार? हिनं पर्समधून किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि माझी मूठ मिटली. रडली नाही, काही नाही. आम्ही बसनं घरी आलो. व्हॅन नंतर मेहुण्यानं आणली.

बसमध्ये ही म्हणाली, ‘आता तुम्ही शिका.’

मी म्हटलं, ‘मी? अगं, तुझा भाऊ आहे की! त्याला सांगू, तो नेईल तुला कुठे हवं तिथे.’ म्हणाली, ‘मला कुठे जायचं नाही. एकदा फक्त तिकडच्या सीटवर बसायचंय. तुमच्या जागेवर. बसून तळं बघायचंय. दिसतंय तोवर.’

आता मेहुणा आमचा, तुम्हाला माहीत नाही तो प्राणी. वयानं हिच्याहून धाकटा, बोलण्यानं आमच्या सगळ्यांच्या बापासारखा. ‘भाऊजी, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचं काम कात्री आणि कंगवा! चल गं ताई, तुला आत्ता फिरवून आणतो, अशी नेतो आणि अशी आणतो!’ आणि खरंच अशी नेली आणि अशी आणली! परत आली तेव्हा ही पांढरीफटक. म्हटलं, बघितलंस तळं? म्हणाली, ‘ते कुठल्या बाजूला होतं तेसुद्धा कळलं नाही. सगळा वेळ त्याच्या ब्रेककडे बघत होते.’ मग भाड्याची गाडी केली, चांगला वयस्क ड्रायव्हर बघून. तरी तेच! ‘अहो, परक्याच्या हातात गाडी असली की माझी नजर रस्त्यावरून हटतच नाही. पायच ब्रेक शोधत राहतो. तुम्ही चालवलीत तर मी निवांत बसेन.’ मी म्हटलं, ‘अगं, त्यांना येते तरी तुझा भरवसा नाही, आणि मला येतसुद्धा नाही, माझ्यावर कसला भरवसा?’ तर म्हणाली, ‘इतक्या लोकांच्या गळ्यावरून वस्तरा फिरवता रोज. कुणाला कधी ओरखडा आलाय?’

…एकदा आला होता हो, पण ते गिऱ्हाईक शिंकलं, त्यात माझा काय दोष? तुम्हाला शिंक येत नाहीये ना? मग बसा.

गेलो मग गाडी शिकवणाऱ्याकडे. तिथे भिंतीवर हे मोठं चित्र, डोंगर, डोंगरावर चढणारा माणूस, आणि खाली लिहिलेलं, ‘तुमच्यात दडलेला चालक बाहेर काढा!’ मी म्हटलं, एवढ्या वर्षांत नाही निघाला, दडलाय की मेलाय ते तरी बघा आधी! आणि शिकवणारा कोण? आम्ही त्याचं नाव ठेवलं डुलकी मास्तर. शेजारी बसायचा, मांडीवर पेपर असा पसरायचा की गुडघ्याच्या खाली काय चाललंय ते दिसू नये, आणि पहिला चौक यायच्या आत डोळे मिटायचे. झोपेतच शिकवायचा! ‘हां… सोडा क्लच… वाहवा… द्या… हां हां… वाहवा!’

आता माझी अडचण समजून घ्या. आमच्या धंद्यात सगळी अक्कल मनगटात. पायांना काम काय? उभं राहायचं. माझ्या पायांनी जन्मात दुसरं काही केलं नाही. त्यांना एकदम सांगितलं, डाव्यानं हे दाब, उजव्यानं ते सोड, थोडं सोड, सगळं नको! पाय म्हणाले, आम्ही कोण? आणि दुसरी अडचण त्याहून मोठी. आम्ही आरशात बघून काम करणारी माणसं. तुमचा चेहरा मी समोरून कधी बघतो का? आरशात बघतो. तुमचं नाक मी वर्षानुवर्षं बघतोय, पण रस्त्यात समोरून आलात तर क्षणभर ओळख पटत नाही, कारण ते भलत्याच बाजूला वाकडं असतं! तर मी गाडीत बसलो की माझे डोळे पहिले कुठे जायचे? आरशात! मागून कोण येतंय, त्याची दाढी वाढलीय का, हजामतीला झालाय का, सगळं मला स्पष्ट. पुढे काय आहे? ते मास्तर बघतोय की!

तरी गाडी चालायची! अशी चालायची, की काय सांगू! चौकात थांबायची, हळूच निघायची, चढावर मागे यायची नाही. आणि मास्तर डोळे मिटून, ‘वाहवा! साहेब, तुमच्या पायांत जादू आहे!’ मी घरी जाऊन हिला सांगायचो, ‘अगं, मास्तर म्हणतो जन्मजात ड्रायव्हर आहे माझ्यात.’ तिचा चेहरा असा फुलायचा! इथे दुकानात तर मी काय काय सांगितलं ते तुम्हाला आठवतच असेल. बोळातून कशी काढली, दोन ट्रकच्या मधून कशी नेली… नेली होती हो! गाडी गेली होती, खोटं नाही!

एकच गोष्ट मास्तर करायचा नाही. रिव्हर्स. ‘ते तुमचं तुम्ही बघा साहेब, माझी मान धरलीय, मागे वळत नाही.’ असं म्हणून खरोखरीच घोरायचा. मग मी आपला हळूहळू आरशात बघून मागे घ्यायचो. पहिल्यांदा बंद पडली, दुसऱ्यांदा बंद पडली, मग जमायला लागलं. आरसा होता ना! आरशात मला कसली भीती?

आला परीक्षेचा दिवस. मास्तर फाटकापाशी चहा पीत उभा, त्याला गाडीत बसायची परवानगी नाही. शेजारी परीक्षक साहेब, काळा चष्मा, वर बसायची माशीचीही हिंमत होऊ नये असा चेहरा. म्हणाले, ‘चला.’ गिअर टाकला, पाय सोडला… धप्प! बंद. म्हटलं, गाडीला सवय नाही साहेबांची. परत. धप्प! तिसऱ्यांदा गाडीनं अशी उडी मारली की साहेबांचा चष्मा त्यांच्या मांडीत. मी घाबरून खाली बघितलं, आणि तुम्हाला सांगतो, मला काय दिसलं? साहेबांच्या पायापाशी आणखी एक ब्रेक! आणि आणखी एक क्लच! म्हटलं, ‘साहेब, हे काय?’ म्हणाले, ‘शिकवणाऱ्याचं आहे. उमेदवाराला येत नसेल तेव्हा ते चालवतात.’

चालवतात! म्हणजे इतके दिवस… ते चौक… ते दोन ट्रक… तो चढ… सगळं त्या पेपरच्या खाली चाललं होतं! माझ्या पायांत जादू! जादू होती, पण ती चहा पीत फाटकापाशी उभी होती! हे म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या दाढीवरून मी स्वतःचे गाल कुरवाळत बसलो होतो! काय करणार, शिकाऊ माणूस!

साहेबांना दया आली असावी. म्हणाले, ‘रिव्हर्स तरी येतो का?’ टाकला रिव्हर्स. बघितलं आरशात. आणि अहो, लोणी! नुसतं लोणी! ते खांब लावलेले असतात ना, त्यांच्या मधून अशी वळणं घेत नेली की बाकीचे उमेदवार बघायला गोळा झाले. पार मागच्या रेषेपर्यंत नेऊन उभी केली, टाचणीएवढंही चुकलं नाही. साहेबांनी चष्मा पुसला, परत लावला आणि म्हणाले, ‘इतकी वर्षं परीक्षा घेतोय, असा उमेदवार बघितला नाही. मागे जाण्यात तुमच्या तोडीचा कुणी नाही. पण काका, लोकांना पुढे जायचं असतं.’ नापास.

घरी आलो. ही दारातच. ‘काय झालं?’ म्हटलं, ‘मागे पास, पुढे नापास.’ सगळं सांगितलं. आणि ती हसायला लागली! दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसली, अशी हसली की खाली बसली. ‘अहो, मग उलटेच जाऊ तळ्यावर! माझी सीट कुठल्या बाजूला येईल तेवढं फक्त आधी सांगा!’ मीही हसलो. आणि हसता हसता ती उठली, म्हणाली चहा करते. केला. माझ्यासमोर कप ठेवला, आणि किटलीतून चहा ओतला तो कपाच्या शेजारी. सरळ धार, टेबलावर. कपाच्या बाहेर. ओतत राहिली. माझ्या मांडीवर गरम चहा ठिबकतोय, आणि मी म्हणतोय, ‘बास, बास, भरला.’

हां… ते असो. मान जरा वर करा.

तर मग तिनंच मला शिकवायचं ठरवलं. आपल्या व्हॅनवर, दुपारी भट्ट्या बंद असतात तेव्हा, बेकरीच्या मागच्या आवारात. व्हॅनमध्ये तो दुसरा ब्रेक नाही, पेपर नाही, काही नाही. ती शेजारी. तिला माझे पाय दिसत नव्हते, आणि दिसत असते तरी उपयोग काय? ती ऐकायची. डोळे मिटून इंजिन ऐकायची. ‘थांबा. ऐका. आता आवाज खाली गेला बघा. तिथेच धरा पाय. सोडू नका… अहो, सोडलात ना!’ धप्प! भट्टीवाले भिंतीला टेकून बघायचे. ‘वहिनी, वस्तादांना व्हॅनमध्ये दही ठेवायला सांगा, लोणी आपोआप घुसळून निघेल!’ ऐकायचं! ज्यांच्या दाढ्या मी केल्या, त्यांच्याकडून ऐकायचं! काय करणार, शिकाऊ माणूस!

एके दिवशी मी वैतागून स्टिअरिंगच्या चाकावर डोकं टेकलं. म्हटलं, नाही जमत मला. मी आहे तो हा एवढाच. माझ्यात काही दडलेलंबिडलेलं नाही, आतून रिकामा आहे मी. तर ही म्हणाली, ‘मागे घेताना पाय कुणाचे असतात? तुमचेच ना? तिथे कसं जमतं?’ म्हटलं, ‘तिथे मी घाई करत नाही.’ ‘मग इथे कसली घाई आहे?’ घाई कसली ते तिलाही माहीत, मलाही माहीत. मग तीच म्हणाली, ‘वस्तरा दाबता का तुम्ही?’ म्हटलं, ‘छे! दाबला तर मेला माणूस. वस्तरा नुसता ठेवायचा, त्याचं वजन त्यानंच न्यायचं.’ म्हणाली, ‘मग पाय पण नुसता ठेवा.’

ठेवला हो. नुसता ठेवला. आणि व्हॅन निघाली! धप्प नाही, उडी नाही, दाढीवरून वस्तरा उतरावा तशी निघाली! भट्टीवाले ओरडायला लागले, मी ओरडायला लागलो, आणि ही ओरडली, ‘अहो, पुढे बघा, पुढे! आरशात कुणाला बघताय?’ भिंत होती पुढे. ती लागली थोडी. पण लागली ती पुढे जाताना लागली, हे लक्षात घ्या!

दुसऱ्या परीक्षेत पुढे गेलो. गेलो, पण साहेब म्हणाले उजवीकडे घ्या, मी डावीकडे घेतली. आरशाची सवय! म्हणाले डावीकडे, मी उजवीकडे. नापास. तोवर हिचं वाचन बंद झालं. मग भाजी निवडणं बंद झालं. मग ती पाखरासारखी अख्खी मान फिरवून बघायला लागली, एवढंसं काहीतरी मधोमध दिसायचं, त्यात माझा चेहरा बसवायची आणि म्हणायची, ‘दाढी करा, वाढलीय.’ लोकांची करतो हो रोज, स्वतःची राहते! मी उजव्या मनगटाला दोरा बांधला, रात्रंदिवस तोच घोकत हिंडलो, हा उजवा, हा उजवा. गिऱ्हाइकं विचारायची, कसला नवस? म्हणायचो, उजवीकडे वळायचा! आणि तिसऱ्यांदा… पास! साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, ‘काका, अभिनंदन. पण जाताना एकदा रिव्हर्स दाखवून जा, आज नवीन अधिकारी आलेत, त्यांना बघायचाय.’ दाखवला! टाळ्या पडल्या!

घरी आलो ते ओरडतच. ‘ऊठ! चल! आत्ता!’ तिनं ठेवणीतले कपडे घातले. केस मी विंचरले, म्हटलं आज फुकट. आणि आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्या सीटवर शिकवायला नाही, फिरायला बसली, आणि मी तिच्या. काच पूर्ण खाली घेतली. पाय पुढे पसरले, मी पसरायचो तसे, आणि तुम्हाला सांगतो, तो तिचा पाय, जो भावाच्या गाडीत ब्रेक शोधायचा, तो नुसता पडून होता. निवांत. गावाबाहेर आलो, तळ्याचा रस्ता लागला, आणि मग काय विचारता! दिसत होतं हो तिला, दिसत होतं! ‘अहो, पाणी केवढं निळं आहे! अहो, बगळे! जोडी आहे बघा! पाण्यावर वाकलेल्या त्या झाडावर घरटं आहे, अहो, पिल्लं आहेत आत, चोची वर करून बसलीत!’ पार त्या टोकापर्यंत बघत राहिली. मन भरून बघितलं. हसत होती. झालं. संपली गोष्ट. घ्या, तोंड पुसा. डोळे का पुसताय, साबण गेला का?

काय? बाकावरून कोण बोललं? ‘कपाबाहेर चहा ओतणाऱ्या बाईला झाडावरची पिल्लं कशी दिसली?’… तुम्ही पेपर वाचा ना! सांगितला होता खाली ठेवायला, तर लगेच ठेवलात!

…बरं. वस्तऱ्याची शपथ घेऊन बसलोय. सांगतो.

सगळं खरं आहे. डॉक्टरीण खरी, मास्तर खरा, तो पेपर खरा, तीन परीक्षा खऱ्या, टाळ्या… टाळ्या जरा कमी होत्या, पण खऱ्या. बगळे तेवढे खोटे. पास होऊन आलो त्या दिवशी तिच्याकडे नुसता उजेड उरला होता. दार उघडलं की पांढरं, लावलं की काळं. मला उशीर झाला. तिनं तोंड खिडकीकडे केलं होतं ते बरोबर, पण विचारत होती ती मला. ‘आलं का हो तळं?’ म्हटलं, आलं. ‘कसं दिसतंय?’ आता काय सांगू? माझी मान चाकाला खिळलेली, पुढे वाळूचा ट्रक, मागून हॉर्न, डोळे जरा बाजूला नेले असते तर दोघं थेट तळ्यातच! इतकी वर्षं फुकट बसून बघितलेलं तळं, आणि त्या दिवशी माझ्या नशिबी ट्रकची मागची फळी! दोघं गेलो तळं बघायला, आणि दोघांतल्या एकानंही बघितलं नाही.

पण थाप मारायला डोळे कुठे लागतात? म्हटलं, निळं आहे. म्हटलं, बगळे आहेत. जोडी आहे. ती म्हणाली, ‘घरटं?’ म्हटलं, आहे की! ‘पिल्लं?’ आता नाही कसं म्हणू? घातली पिल्लं. तिनं विचारलं आणि मी घालत गेलो. हसत होती ते मात्र खरं. त्याला माझी शपथ, वस्तऱ्याची नको.

आणि आता काय झालंय, ऐका. दर सुट्टीला सकाळी उठून ही तयार. ‘चला, पिल्लं केवढी झाली बघून येऊ.’ नेतो. काय करता! एक दिवस त्यांना पिसं फुटली, एक दिवस आई मासा घेऊन आली, मागच्या खेपेला एक फांदीपर्यंत चालत गेलं. ट्रक सांभाळू की पिल्लं वाढवू? शेवटी कंटाळून काल म्हटलं, आता उडतील हो ती, पुढच्या आठवड्यात घरटं रिकामं होईल. तिनं खिडकीची काच अर्धी वर घेतली. म्हणाली, ‘मग आपण काय बघायला जायचं?’

…म्हटलं, नाही, तशी सगळी जाणार नाहीत. एक पिल्लू जरा अशक्त आहे. ते काही इतक्यात उडायचं नाही.